नदीकाठची गल्ली आणि आमचा आड



चातुर्मास सुरू व्हायच्या आधी पाणी गाळण्याच्या कपड्याबद्दल लिहिलं होतं: छत्तीस अंगुलं लांब, चोवीस अंगुलं रुंद, दुहेरी घडी, आणि धुवून उन्हात वाळवलेला. त्यावर पुण्याला राहणाऱ्या एका मैत्रिणीनं फोन करून विचारलं, "कपडा ठीक आहे गं, पण नळाच्या पाण्याची जिवाणी सोडायची कुठे?" तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हटलं, सविस्तर लिहिते. पण लिहायला बसले तर उत्तराच्या आधी आमची नांदेडची गल्लीच पुढे आली. तेव्हा आज आधी गल्लीचं ऐका.

माझं माहेर लातूर. लातूर म्हणजे गंजगोलाई, सोळा रस्ते, अडत, डाळ आणि धूळ. गावातून नदी वाहत नाही. मांजरा आहे ती गावाबाहेर, आणि पाणी येतं ते धनेगावच्या धरणातून नळानं, येईल त्या दिवशी. माझ्या आईच्या तोंडी 'पाणी आलं' हे शब्द ज्या सुरात असत, त्या सुरात लोक 'पाहुणे आले' म्हणतात. त्यामुळे लग्न होऊन नांदेडला आले आणि पहिल्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चल, तुला गंगा दाखवते," तेव्हा मला वाटलं कुणी नात्यातली बाई असेल. मराठवाड्यात काठावरची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, हे लातूरच्या मुलीला कुठून माहीत असणार!

आमचा वाडा जुन्या नांदेडात, होळी भागात. सणाची होळी नव्हे, वस्तीचंच नाव होळी. शेजारी गाडीपुरा, पुढे चौफाळा, एका अंगाला नंदगिरीचा किल्ला, आणि सगळ्या गल्ल्यांचा उतार दक्षिणेकडे, नदीच्या बाजूला. तिथल्या बायका दिशा सांगतच नाहीत. 'वर जा' म्हणजे बाजाराकडे, 'खाली जा' म्हणजे घाटाकडे. मला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

घरं माळवदाची. सागवानी खांब, वर लादणी, तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत असलं तरी आत ओसरीवर पाय गार पडायचे. भिंती इतक्या रुंद की कोनाड्यात लहान मूल मांडी घालून बसेल. भिंतीतल्या बळदात पूर्वी वर्षाची ज्वारी राहायची. मी आले तेव्हा त्यात जुन्या वह्या आणि एक तुटका पाळणा होता. दिंडी दरवाजातून वाकून आत यायचं, मग देवडी, मग चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात आड. या आडाचं पाणी नदीच्या पाण्याबरोबर वरखाली व्हायचं. पावसाळ्यात हात घातला की लागेल इतकं वर, वैशाखात दोर पुरायचा नाही. सासूबाई आडात डोकावून नदीचा अंदाज सांगायच्या. वर्तमानपत्र नंतर तेच सांगायचं.

आता थोडा इतिहास, कारण आपल्या बायकांना 'जुनं आहे' एवढंच सांगून भागत नाही, किती जुनं ते हवं असतं.

वाशीमला 1939 मध्ये एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात नांदीकड नावाच्या प्रदेशातल्या एका गावाचं दान नोंदलेलं आहे, आणि हे नांदीकड म्हणजे आपलं नांदेड, असं वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. राजाची वंशावळ लिहिताना संस्कृत वापरलं आहे, पण प्रत्यक्ष दानाचा व्यवहार, कुणाला काय दिलं, कोणते कर माफ, हे सगळं प्राकृतात आहे. थोरवी सांगायची एका भाषेत आणि कामाचं बोलायचं लोकांच्या भाषेत. आपल्या आगमांची भाषा प्राकृत का, हे मुलांना समजावताना मी हाच दाखला देते.

पुढे राष्ट्रकूट आले. ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे लातूर, त्यामुळे माहेरचा मान मी इथे सोडणार नाही. आदिपुराणकार जिनसेनाचार्यांना गुरुस्थानी मानणारा अमोघवर्ष याच घराण्यातला. कंधारही त्यांचंच, नांदेडपासून एका सकाळीत जाऊन येता येईल असं. पुढच्या काळात लातूरला आपल्या सैतवाळांच्या भट्टारकांची गादी होती. म्हणजे या भागात आपण मराठी बोलत, ज्वारी खात आणि पाणी गाळत पुष्कळ शतकं राहतो आहोत. 'तुम्ही जैन म्हणजे मूळचे कुठले?' असं कुणी विचारलं की मला हसू येतं.

पण नांदेडचं नाव जगभर गेलं ते 1708 मुळे. त्या वर्षी गुरू गोविंदसिंगजी इथे आले आणि 7 ऑक्टोबरला इथेच त्यांनी देह ठेवला. त्याआधी नदीकाठी त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला. तोच पुढे बंदा सिंग बहादूर झाला, आणि ती जागा बंदा घाट झाली. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. त्यासाठी पंजाबातून आलेली कितीतरी माणसं इथेच राहिली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं मराठी ऐकाल तर डोळे मिटून सांगाल की हे अस्सल नांदेडचं. नगिना घाटाची कथा तर प्रत्येक नांदेडकर सांगतो. कुणी भेट दिलेलं मोलाचं रत्न गुरूंनी सहज नदीत टाकून दिलं. देणाऱ्याला वाईट वाटलं, तेव्हा ते म्हणाले, जा, तुझं ओळखून घे, आणि त्यानं पाहिलं तर नदीत रत्नंच रत्नं. सासूबाई ही गोष्ट अपरिग्रहाच्या दिवशी सांगायच्या. उत्तम आकिंचन्य! दशलक्षणातला नववा दिवस, आणि उदाहरण घाटावरचं, शिखांचं. मला तेव्हा ते थोडं विचित्र वाटलं होतं. आता मीही तेच सांगते.

अजून एक. सचखंडमध्ये रोज पहाटे सेवेकरी गोदावरीचं पाणी गागरीत भरून नेतो आणि त्या पाण्यानं तख्ताला स्नान घालतात. थंडी असो, पाऊस असो. आमच्या वाड्यातल्या छोट्या चैत्यालयात अभिषेकाला आडाचं गाळलेलं पाणी. घाटावर कुणी अर्घ्य देतंय, कुणी दिवे सोडतंय, पलीकडच्या मोहल्ल्यात फजरच्या नमाजाआधीची वजू. एकच पाणी पहाटे चार ठिकाणी चार तऱ्हेनं उचललं जायचं. आणि ते उचलताना कुणीही झोपेत असायचं नाही, सगळे जागे, सगळे अंघोळ केलेले. गल्लीची शिस्त मला वाटतं इथून आली होती.

ही वस्ती नदीकाठी वसली कारण पाणीही नदीचं आणि वाटही नदीवरून. नावघाट हे नाव उगीच नाही पडलं. पण 1900 च्या सुमाराला हैदराबाद गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडहून सिकंदराबादकडे गेली, आणि गावाची पाठ हळूहळू नदीकडे वळली. कापूस स्टेशनकडे जाऊ लागला, जिनिंग तिकडे, मोंढा तिकडे, निजामाच्या काळातली उस्मानशाही मिलही तिकडेच. आमच्या सासरच्यांचं कापडाचं दुकान होळीतून निघून वजिराबादला गेलं ते याच ओढीनं. पुरुष दिवसभर 'वर' आणि बायका 'खाली', अशी घरं झाली. म्हणून या गल्लीचा शेवटचा पाऊणशे वर्षांचा इतिहास खरं तर बायकांनाच ठाऊक आहे. तो दुकानाच्या वह्यांत मिळत नाही, मोरीच्या आणि आडाच्या काठावर मिळतो.

1948 चा एक प्रसंग आजेसासूबाई सांगायच्या, तो सासूबाईंनी मला सांगितला. रझाकारांची धामधूम होती. हद्दीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडच्या बाजूला पुष्कळ कुटुंबं गेली. पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य संपायचं. आमचंही घर गेलं. निघताना आजेसासूबाईंनी दागिने कमरेला बांधले आणि वाड्याची किल्ली शेजारच्या मुसलमान घरातल्या थोरल्या बाईंच्या हातात दिली. त्यांना सगळे बडी बी म्हणत. 17 सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं, नंतर महिन्याभरानं माणसं परत आली. आता पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत भीती कुणाच्या दारात होती हे मी वेगळं सांगायला नको. घाबरायची पाळी आता बडी बींची होती, आणि आजेसासूबाईंनी त्यांच्या घरच्या चार बायका-मुलांना तीन आठवडे आमच्या मागच्या खोलीत ठेवलं. एवढं सांगून झालं की आजेसासूबाई आडावर यायच्या. दोर बदललेला होता. बडी बी रोज दोन घागरी पाणी शेंदून टाकायच्या. "उपसा नाही राहिला तर आड नासतो," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. घरातल्या पुरुषांना हा दोर आठवत नाही. किल्ली आठवते.

आता जिवाणीकडे येते.

आडाचं पाणी गाळलं की कपड्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते गाळलेल्या पाण्यानं भांड्यात उतरवायचे आणि ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, आदळून मरतील. त्यासाठी आमच्याकडे बुडाला कडी असलेला एक लहानसा पितळी डोल आहे. त्याला दोर लावून तो अलगद पाण्यापर्यंत सोडायचा आणि मग हिसका देऊन उलटा करायचा. लग्नानंतर पहिले आठ दिवस माझा डोल उलटाच होईना. सासूबाई म्हणाल्या, "लातूरची आहेस, आड कुठे पाहिलास!" मला राग आला होता, पण बोलणं खरं होतं. लातूरला आई नळाची जिवाणी मंदिराच्या विहिरीत सोडायची. ती म्हणायची, धरणापर्यंत तर जाता येत नाही, देवाच्या पाण्यात सोडते, तो पोचवेल.

होळीत नळ आला तेव्हाही हाच प्रश्न आला. किल्ल्याच्या उंचवट्यावर टाक्या झाल्या, गल्लीत तोट्या आल्या. सासूबाईंनी विचारपूस केली, पाणी नदीचंच आहे ना? आहे म्हटल्यावर त्या रोज सकाळी तांब्या घेऊन घाटावर उतरायच्या आणि वाकून जिवाणी नदीत सोडायच्या. आडाची आडात, नळाची नदीत. दोन भांडी वेगळी. गल्लीतल्या बायका हसायच्या, पण वाट द्यायच्या. पुढे 1980 च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा झाला, आणि उन्हाळ्यात घाटाखालची धार बारीक होऊ लागली. सासूबाईंना आणखी दोन पायऱ्या उतरावं लागायचं, मग चार. गुडघे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं सर्वांत अवघड रूप मी 2016 मध्ये पाहिलं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. मी आईकडे होते. हंड्यात ते पाणी आलं, आईनं कपडा लावला, गाळलं आणि कपडा हातात धरून उभीच राहिली. "हे कृष्णेचं," ती म्हणाली. "आता यांना कुठे सोडू?" तिनं शेवटी ती वाटी मंदिराच्या विहिरीकडे नेली. विहीर कोरडी होती. ती परत आली, अंगणातल्या तुळशीजवळच्या ओल्या कुंडीत पाणी जिरवलं आणि त्या दिवशी एकासन केलं. प्रायश्चित्त म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं लिहिताना स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायचा मोह होतो, म्हणून पुढचंही लिहिते. एका उन्हाळ्यात मी घाटावर जिवाणी सोडायला उतरले तर पाण्यावर जलपर्णी, आणि बाजूनं काळ्या पाण्याचा नाला नदीत पडत होता. तो नाला कुणाचा? आमच्याच वस्त्यांचा. आमच्या मोरीचं पाणी, साबण, फिनेल, सगळं वळणं घेत घेत तिथेच येतं. वाटीभर पाण्यातले जीव मी वाकून, जपून परत करत होते आणि बादल्यांनी विष सोडत होते. त्या दिवशी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोरी पण गाळून सोडायला पाहिजे." हसण्यावारी न्या हवं तर. आम्ही तेव्हापासून भांड्यांना रिठा आणि राख घेतो आणि फिनेल बंद केलं आहे. त्यानं गोदावरी स्वच्छ होत नाही, हे मला कळतं.

पूर या गल्लीला नवा नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये गंगाचाळ, नल्लागुट्टा चाळ, गोवर्धन घाट सगळीकडे पाणी होतं, आमच्या देवडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. ओसरीवर अनोळखी घरातली चौदा माणसं झोपली होती. सूर्यास्तापूर्वी सगळ्यांना खिचडी वाढायची म्हणून जाऊबाईंनी आणि मी दुपारी तीनलाच चूल पेटवली. पाहुण्यांपैकी एक आजी म्हणाल्या, "तुमच्यात फार लवकर जेवतात, रात्री पोरांना भूक लागेल." मग रात्रीसाठी त्यांच्यातल्याच एका सुनेनं अंगणात वेगळी चूल मांडली. आमची हरकत नव्हती. सासूबाईंनी तिला पीठ काढून दिलं.

त्या पुरानंतर दोन वर्षांनी गुरु-ता-गद्दीचं त्रिशताब्दी वर्ष आलं. रस्ते रुंद झाले, घाट बांधून निघाले, नांदेड ओळखू येईना असं झालं. चांगलंच झालं, मी तक्रार करणार नाही. पण रुंद रस्त्यांनी माणसंही नेली. एकेक घर नव्या वसाहतींत गेलं, आम्हीही गेलो. आता फ्लॅट आहे, पाचव्या मजल्यावर, खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात.

वाडा सहा हिश्शांचा. मागच्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की पाडून बांधायचा. माळवद दरवर्षी गळतं, माती टाकणारी माणसं मिळत नाहीत, आणि कुणी राहत नाही. मी विरोध केला नाही. गळक्या छताखाली स्वतः न राहता 'वारसा, वारसा' म्हणणं मला जमत नाही. पण नकाशा आला तेव्हा पाहिलं, पार्किंगचा एक खांब बरोबर आडावर होता. दीर म्हणाले, "वहिनी, बुजवावाच लागेल. कोरडा तर आहे." मी म्हटलं, कोरडा नाही, वीस हात खाली आहे, मी मोजलंय.

घरातले पुरुष ऐकेनात, तेव्हा मला सासूबाईंनी सांगितलेली एक गोष्ट कामी आली. मुनिसंघ गावात येतो तेव्हा चौका लावायला विहिरीचं पाणी लागतं, नळाचं चालत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गेल्या खेपेला संघ आला तेव्हा पाच घरांचे चौके होते, आणि पाचही घरांच्या सोवळ्यातल्या बायका पहाटे कुठे आल्या होत्या? आमच्या आडावर. शहरात उपसा चालू असलेले, झाकलेले, स्वच्छ आड किती उरलेत ते मोजा, मी म्हटलं. यावर मोठे दीर गप्प झाले, कारण त्या पाचांत त्यांचंही घर होतं, आणि पडगाहन करून मुनिश्री त्यांच्याच दारी थांबले होते.

खांब चार फूट सरकला. त्यासाठी एक गाडी कमी बसणार, आणि ती आमच्या हिश्शाची. यजमान अजून अधूनमधून सुस्कारा टाकतात. आडावर लोखंडी जाळी, कडेनं ओटा, आणि वापर सगळ्या समाजाला खुला, असं करारात एक ओळ घालून घेतली आहे. ती ओळ मी तीनदा वाचली.

तर पुण्याच्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नळाचं पाणी कोणत्या नदीचं, कोणत्या धरणाचं, ते आधी शोध. बहुतेकींना माहीत नसतं. तिथवर जाता येत असेल तर आठवड्यातून एकदा तरी जा. नसेल तर जवळच्या जिवंत विहिरीत सोड. तेही नसेल तर माझ्या आईनं केलं ते कर, ओलाव्यात जिरव.

वाडा पाडायच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना रिक्षानं घेऊन गेले होते. सामान निघालं होतं, चौकात फक्त आड. त्यांनी कपडा आणि डोल सोबत आणला होता. दोर अपुरा पडला, तेव्हा शेजारच्या घरून मागून आणून गाठ मारली. हे घर बडी बींच्या पणतसुनेचं. ती दोर देऊन गेली नाही, काठाशी उभी राहिली. सासूबाईंनी डोल खाली सोडला, कान देऊन ऐकलं, हिसका दिला. खालून पाण्याचा आवाज आला.

"उलटा झाला?" तिनं विचारलं.

"झाला," सासूबाई म्हणाल्या, आणि दोर गुंडाळून तिच्या हातात परत दिला.